हिरव्या दिव्याचे तेल

मराठवाड्याला समुद्र नाही, हे कळायला भूगोलाचे पुस्तक उघडावे लागत नाही. आमच्या बोलण्यातूनच ते कळते. कोकणातला माणूस ‘भरती’ म्हणाला की त्याच्या डोळ्यांपुढे पाणी चढते. आमच्याकडे भरती म्हणजे पोलिसांची, नाही तर शिक्षकांची. परभणी जिल्ह्यातल्या सेलूपासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरांच्या पलीकडे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या एवढ्या थोरल्या संस्थानालाही स्वतःचा म्हणून हातभर समुद्रकिनारा नव्हता. तालुक्यातून दुधना वाहते. पण नदीला पाणी किती आहे हे आम्ही पुलावरून बघतो, होडीतून नव्हे. गावाचे सारे चलनवलन मोंढ्याभोवती, सरकीच्या आणि कापसाच्या वासात, ज्वारीच्या भावात. लाटा आम्हाला ठाऊक आहेत त्या उन्हाच्या.

अशा गावात, बँकेच्या शाखेत अधिकारी म्हणून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात माझी बदली झाली. पेन्शनरांची यादी हातात आली. तीत शिक्षक होते, पोस्टमन होते, रेल्वेचे गँगमन होते, पायदळातले शिपाई होते आणि एक, फक्त एकच, नौसैनिक होता. गाव त्यांना ‘मिलिट्रीवाले मामा’ म्हणत असे. आमच्याकडे गणवेश घालून बाहेरगावी गेलेला प्रत्येक माणूस मिलिट्रीत असतो. मामा बिचारे पंचवीस वेळा सांगत, ‘‘अहो, मिलिट्री नाही, नेव्ही!’’ त्यावर ऐकणारा मान डोलावून म्हणे, ‘‘तेच की, नेव्हीच्या मिलिट्रीत.’’ मीही पहिल्या भेटीत, ‘‘मामा, तुम्ही कोणत्या बोटीवर होता?’’ असे विचारले. मामांनी आपला उजवा हात माझ्यापुढे धरला. ‘‘बोट हाताला असतं साहेब. आमचं ते जहाज.’’

त्यांच्या जहाजाचे नाव मी मुद्दाम देत नाही. या गोष्टी तशा एका जहाजाच्या नाहीतच. कोणत्याही युद्धनौकेच्या खालच्या मजल्यावर, पत्र्याच्या मगातल्या चहाबरोबर त्या सांगितल्या जातात आणि एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातात. मामांनी त्या साडेतीनशे किलोमीटर आत आणल्या, एवढाच त्यांचा विशेष.

पेन्शनराने दर नोव्हेंबरात बँकेत हजर राहून हयातीचा दाखला द्यायचा असतो. आपण जिवंत आहोत हे माणसाने अर्जावर लिहून द्यायचे आणि अधिकाऱ्याने ‘समक्ष पाहिले’ म्हणून सही करायची, असा तो मामला. बाकीचे पेन्शनर कुरकुरत येत. मामा मात्र इस्त्रीचा सदरा घालून येत, माझ्या टेबलापुढे टाचा जुळवून उभे राहत आणि म्हणत, ‘‘हजर साहेब! जिवंत आणि कोरडा!’’ सारी शाखा हसे. ‘जिवंत’ हा अर्जातला शब्द होता. ‘कोरडा’ हा त्यांचा. मला तेव्हा ती गंमतच वाटे.

मामा नौदलात गेले तेच मुळी रांग चुकून. १९५८ साली सतरा-अठरा वर्षांचे असताना गिरणीत बदली कामगाराचे काम मिळेल म्हणून गावच्या एकाबरोबर ते मुंबईला गेले. एका सकाळी पोरांची मोठी रांग दिसली. रांग आहे म्हणजे काही तरी मिळत असणार, या हिशेबाने उभे राहिले. छाती मोजली, दात पाहिले. गिरणीला दात कशाला लागतात, असा प्रश्न त्यांना पडला होता. पण विचारायचे कोणाला? नंतर कळले की आपण आरमारात शिरलो आहोत. ‘‘मला पोहता येतं का विचारलं. म्हटलं, येतं. विहिरीत शिकलो होतो. मग पोहण्याची परीक्षा झाली. बाकीची पोरं सुळकन् पाण्यात गेली. मी मारला मुटका! काठावरच्या साहेबाची पँट कमरेपर्यंत भिजली. पास केलं बघा, पण पुन्हा मारू नको म्हणाले.’’

पुढे शिक्षणासाठी त्यांना पाठवले ते लोणावळ्याला. इथून या गोष्टींना खरा रंग चढतो. नौदलाच्या यंत्रविद्येची प्रशिक्षण संस्था ‘आय.एन.एस. शिवाजी’ ही १९४५ पासून लोणावळ्याच्या डोंगरात आहे. नाव जहाजाचे, पत्ता सह्याद्रीचा. हा घोळ इंग्रजांच्या आरमाराकडून आला. तिथे नौदलाची शिस्त आणि कायदा लागू व्हायचा तर माणसाचे नाव कुठल्या तरी जहाजाच्या पटावर असावे लागे; मग जमिनीवरच्या छावण्यांनाच जहाजांची नावे देऊन टाकली आणि सगळ्यांना कागदोपत्री समुद्रावर चढवले. नुसती नावे देऊन थांबले नाहीत, भाषाही जहाजाचीच ठेवली. जमिनीला ‘डेक’ म्हणायचे, स्वयंपाकघराला ‘गॅली’, आणि फाटकाबाहेर पडून लोणावळ्याच्या बाजारात गेले की ‘किनाऱ्यावर गेलो’ म्हणायचे. मामांनी घरी पत्र लिहिले, ‘मी जहाजावर आहे, चहूकडे डोंगर आहेत, पाऊस फार आहे, काळजी नसावी.’ वडिलांनी ते पत्र शाळेच्या गुरुजींकडून दोनदा वाचून घेतले आणि मुलाच्या डोक्यावर परिणाम झाला असे समजून सेलूहून निघण्याची तयारी केली.

प्रत्यक्ष जहाजावर चढल्यावर पहिल्याच आठवड्यात नव्या पोराची जी परीक्षा होते, ती कुठल्या नियमावलीत नाही. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा. अंधारात समोरच्या जहाजाला आपले तोंड कुठे आहे हे त्यावरून कळते. एका जुन्या गड्याने मामांना गंभीर चेहऱ्याने सांगितले, ‘‘उजव्या दिव्यातलं हिरवं तेल संपलंय. स्टोअरमधून बाटलीभर घेऊन ये. आणि लाल आणू नको हं, घोटाळा होईल.’’ मामा स्टोअरमध्ये गेले. स्टोअरवाला म्हणाला, आत्ताच संपले, इंजिनखोलीत विचार. इंजिनखोलीतून तोफखान्यात, तोफखान्यातून भटारखान्यात. जहाजाचे चार मजले चढून-उतरून झाल्यावर भटारखान्यातल्या म्हाताऱ्याला दया आली. त्याने खोबरेल तेलाची हिरव्या काचेची बाटली हातात दिली आणि सांगितले, ‘‘हे घे आणि डोक्याला लाव.’’

दिवा विजेवर चालत होता, हे सांगायला नकोच. ही थट्टा इंग्रजी आरमारात फार जुनी आहे. बँकेतही नव्या क्लार्कला ‘जादा बॅलन्स’ मागून आणायला दुसऱ्या शाखेत पाठवण्याची पद्धत होती, तेव्हा मला ती परकी वाटली नाही. पण मामांनी तिचा एक अर्थ सांगितला तो बँकेत लागू नव्हता. ‘‘साहेब, त्या एका दुपारी मी सगळं जहाज पाहिलं. कुठली शिडी कुठं जाते, कोणता दरवाजा जड आहे, कोण कुठं काम करतो, सगळं. अन् सगळ्यांनी मला पाहिलं. रात्री दिवे गेले, पाणी शिरलं, तर तोच नकाशा कामाला येतो.’’

समुद्रावर घड्याळही निराळे. दिवसाचे चार-चार तासांचे पहारे असतात आणि दर अर्ध्या तासाला घंटा: पहिल्या अर्ध्या तासाला एक टोला, मग दोन, असे करत चार तासांना आठ. चोवीस तासांत असे सहा पहारे होतात. पण सहाच ठेवले तर मध्यरात्रीचा पहारा रोज त्याच माणसांच्या नशिबी येईल. म्हणून दुपारी चार ते रात्री आठ या पहाऱ्याचे दोन तुकडे करून एकूण सात केले, म्हणजे पाळी रोज सरकते. या दोन अर्ध्या पहाऱ्यांना इंग्रजीत कुत्र्याचे नाव आहे. मामा त्यांना ‘कुत्रपाळी’ म्हणत. हे ऐकल्यावर मी माझ्या मनात बँकेच्या रजेच्या तक्त्याशी तुलना केली आणि गप्प बसलो. सगळ्यांना सारखा त्रास व्हावा यासाठी इतके बारकाईने गणित मांडणारी दुसरी संस्था मला तरी भेटलेली नाही.

आता पाण्याची गोष्ट. खरे तर मामांच्या साऱ्या आठवणींचा मध्यबिंदू पाणीच होता. त्या काळच्या वाफेवर चालणाऱ्या जहाजात समुद्राचे पाणी तापवून, त्याची वाफ धरून गोडे पाणी करत. ते आधी बॉयलरला जाई. बॉयलरच्या पोटात खारे पाणी गेले तर नळ्या खराब होतात आणि जहाज जागीच बसते. माणूस एक दिवस बिनआंघोळीचा राहिला तर फार तर शेजारी कुरकुरतो. तेव्हा मान बॉयलरचा पहिला, पिण्याचा दुसरा, आणि आंघोळीचा शेवटचा. पाणी ठरल्या वेळी सुटे, ठरल्या वेळी बंद होई. अंगाला साबण लावून उभा असलेला माणूस आणि गेलेले पाणी, हा प्रसंग मामांनी इतक्या परींनी सांगितला की तो किती जणांच्या बाबतीत घडला याचा हिशेब मी सोडून दिला. खाऱ्या पाण्याने धुवायला जावे तर साध्या साबणाला फेस येत नाही आणि अंग खारवलेल्या माशासारखे होते.

इथे मात्र सेलूचा माणूस सगळ्यांना भारी पडला. किनाऱ्याकडची, भरपूर पाण्याच्या गावची पोरे आठवडाभरात रडकुंडीला आली. मामा एका तांब्यात दात घासून, तोंड धुऊन, उरलेल्यात रुमाल काढत. कोणी तरी विचारले, ‘‘हे कुठं शिकलास?’’ मामा म्हणाले, ‘‘जगात जर्मनी, भारतात परभणी!’’ ती म्हण साऱ्या मेसमध्ये पसरली. केरळचा गडीही पाणी वाचवले की ‘परभणी, परभणी’ म्हणू लागला. चहूकडे पाणीच पाणी आणि प्यायचे मोजून, हे बाकीच्यांना आश्चर्य वाटे. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने घागर भरलेल्या माणसाला त्यात नवल नव्हते. इंजिनखोलीतल्या उकाड्याचेही तेच. वरचे अधिकारी पाच मिनिटांसाठी खाली येत आणि घामाघूम होऊन परत जात. मामा त्यांना सांगत, ‘‘सर, आमच्याकडं याला मे महिना म्हणतात.’’

जेवणाच्या गोष्टी तर न संपणाऱ्या. मुंबईच्या जुन्या खलाशी बोलीत जहाजावरच्या स्वयंपाक्याला ‘भंडारी’ म्हणतात. सारंग, तांडेल, भंडारी हे शब्द आणि क्रेनवर अजून ऐकू येणारे ‘हबेस’ नि ‘आरिया’, म्हणजे उचल नि सोड, ही सगळी त्याच बोलीची लेकरे. नौदलाचे हे शब्द नव्हेत. पण मामांच्या जिभेवर गोदीतून चढले ते कायमचे. जहाज डोलायला लागले की भंडाऱ्याची खरी परीक्षा. वरणाचे भांडे अर्धेच भरायचे, टेबलावर ओले फडके अंथरायचे म्हणजे ताट सरकत नाही, आणि तरीही सरकलेच तर जे आपल्यापुढे आले ते आपले. ‘‘एकदा माझं ताट गेलं पंजाब्याकडं आणि त्याचं आलं माझ्याकडं. पुढची लाट येईपर्यंत मी त्याची अंडी खाऊन घेतली.’’ समुद्र लागलेल्या नव्या पोरांना जुने गडी धीर देत, तो असा की इंग्रजांचा थोर दर्यासारंग नेल्सन यालाही जन्मभर समुद्र लागत असे. हे खरेही आहे. मात्र पोट ढवळत असताना नेल्सनचे चरित्र फारसे उपयोगी पडत नाही, असे मामांचे मत.

ज्वारीची भाकरी मिळत नाही, हे मामांचे पंधरा-सोळा वर्षांचे दुःख. सुट्टीहून परतताना आई धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देई. धपाटे तीन दिवसांत संपत. चटणी हे मात्र चलन होते. एक चमचा चटणी म्हणजे अर्धा मग गोडे पाणी, दोन चमचे म्हणजे मध्यरात्रीच्या पहाऱ्याची अदलाबदल. मी बँकेचा माणूस; मी विचारले, ‘‘मामा, दर कोण ठरवायचं?’’ ते म्हणाले, ‘‘किनारा जितका लांब तितका दर जास्त.’’ रिझर्व्ह बँकेला याहून सोपे बोलता आलेले मी पाहिले नाही.

आज हा संसार केवढा मोठा झाला आहे! २०१३ साली नौदलात आलेल्या ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेवर सोळाशेहून अधिक माणसे राहतात. त्यांना महिन्याला जवळजवळ एक लाख अंडी, २० हजार लिटर दूध आणि १६ टन तांदूळ लागतात, असे नौदलानेच सांगितले होते. खाऱ्याचे गोडे पाणी करणारी तिची यंत्रे दिवसाला ४०० टन पाणी देतात. सेलूच्या मोंढ्यात उभे राहून १६ टन तांदळाच्या पोत्यांची थप्पी डोळ्यांपुढे आणली म्हणजे ‘तरंगते गाव’ या शब्दाचा अर्थ कळतो.

जेवणावरची ही थट्टा वरवर दिसते तितकी हलकी नाही, आणि याची साक्ष मुंबईनेच दिलेली आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन शाळेतल्या पोरांनी निकृष्ट जेवणावर बहिष्कार घातला. (हेही जमिनीवरचेच जहाज!) अन्नाबरोबर गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानकारक भाषा होती, पगारातला भेदभाव होता आणि आझाद हिंद सेनेच्या कैद्यांचा प्रश्न होता. पाहता पाहता सत्तरहून अधिक जहाजे आणि सुमारे २० हजार नौसैनिक उठावात सामील झाले. गेटवेपाशी मुंबईकरांनी त्यांना खाण्याचे जिन्नस आणून दिले. शहरातल्या रस्त्यांवर गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. वल्लभभाई पटेलांच्या मध्यस्थीने २३ फेब्रुवारीला सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली. मामा भरती झाले तेव्हा या गोष्टीला बाराच वर्षे झाली होती. त्यांच्या पहिल्या जहाजावरचे जुने गडी त्याविषयी उघडपणे बोलत नसत. पण वरणात पाणी जास्त झाले की कोणी तरी नुसते ‘तलवार’ म्हणे, सगळे हसत आणि भंडारी मुकाट्याने डाळ वाढवी. मला वाटते, पोलादी पेटीत महिनोन्‌महिने कोंडलेल्या माणसांचा विनोद हा तिथला सुरक्षेचा झडपा असतो. बॉयलरलाही झडप असते. ती गात असते तोवर भीती नाही. ती गप्प झाली की धावायचे.

शिस्तीच्याही गमती होत्या. जहाजावर हुकूम सुटतो तो बारीक नळीच्या शिट्टीने. जेवणाची शिट्टी वेगळी, झोपेची वेगळी, अधिकारी चढला-उतरला की वेगळी. म्हणून तोंडाने शीळ घालायला मनाई. जुन्या इंग्रजी आरमारात म्हणे मनुका निवडणाऱ्या स्वयंपाक्याला तेवढी सूट असे, कारण शीळ वाजते आहे तोवर मनुका तोंडात जात नाहीत. मामांनी ही गोष्ट मला सांगितली आणि त्या दिवशी कॅशियरच्या खिडकीकडे पाहत मिस्कील हसले. शौचालयाला जहाजावर ‘हेड्स’ म्हणतात, कारण शिडाच्या जहाजांत ती सोय अगदी नाकाशी असे. हे कळल्यापासून ‘हेड ऑफिसकडून पत्र आले आहे’ असे मामांपुढे बोलायची चोरी झाली.

सुट्टीवर यायचे तर मुंबई ते मनमाड मोठी गाडी, आणि मनमाडहून मीटरगेजची छोटी. तेव्हाचे औरंगाबाद, जालना, परतूर आणि मग सेलू. छोटी गाडी इतकी हलायची की जहाजावरून उतरल्याचे पहिले दोन दिवस जाणवायचेच नाही. १९९० च्या दशकात हा मार्ग मोठा झाला. घरी आले की मामांना झोप येत नसे. लोकांना वाटे, थकवा असेल. खरे कारण मामींनी सांगितले: घर फार गप्प होते. इंजिनखोलीच्या धडधडीत निवांत झोपणारा माणूस इंजिन थांबले की दचकून उठतो, कारण समुद्रात इंजिन बंद पडणे म्हणजे संकट. सेलूत शेजारी पिठाची गिरणी होती. ती चालू असेपर्यंत मामा घोरत. रात्री आठला गिरणी बंद झाली की ताडकन उठून बसत आणि विचारत, ‘‘काय झालं?’’

अशा गोष्टी मी चार वर्षे ऐकल्या. युद्धाची एकही ऐकली नाही. विचारले तर मामा म्हणत, ‘‘आम्ही खाली असायचो साहेब. वर काय चाललंय ते आम्हाला रेडिओवरच कळायचं.’’ आणि पुन्हा पाण्याची नाही तर चटणीची गोष्ट सुरू होई.

दर वर्षी ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. त्या सुमारास आमच्या काउंटरवर निधीची पेटी ठेवलेली असे. मामा त्यात दहा रुपये टाकत. पण ७ तारखेला नव्हे, ९ तारखेला. पहिल्या वर्षी कॅशियर म्हणाला, ‘‘मामा, ध्वजदिन परवा झाला.’’ मामा म्हणाले, ‘‘हो का?’’ दुसऱ्या वर्षी पुन्हा ९ तारीख. तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आले की फौजेतून निवृत्त झालेला, मिनिटाला चुकून उशीर न करणारा हा माणूस दर वर्षी बरोबर दोन दिवस उशीर करतो. मी पेटी ९ तारखेपर्यंत हलवायची नाही असे शिपायाला सांगून ठेवले. मामांना ते कळले असावे. त्या दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन बसले.

‘‘साहेब, एक बँकेचं विचारायचंय. देणं आहे आणि घेणारा नाही, असं खातं कसं बंद करायचं?’’

मी रीतसर उत्तर दिले: वारस पाहायचा, नसेल तर बिनदाव्याची रक्कम म्हणून वेगळी ठेवायची. मामांनी ऐकून घेतले. मग सांगितले. प्रशिक्षणात त्यांच्याबरोबर असलेला एक गडी. हिरव्या तेलासाठी दोघांनाही एकाच आठवड्यात पळवले होते. १९७१ च्या नोव्हेंबरात मुंबईला गाठ पडली तेव्हा मामांनी त्याच्याकडून घरी पाठवायला दहा रुपये उसने घेतले. पुढच्या पगाराला देतो म्हणाले. तो गडी ‘खुकरी’वर होता.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने ‘आय.एन.एस. खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्यांना महावीरचक्र मिळाले. पाचच दिवसांपूर्वी, ४ डिसेंबरच्या रात्री, आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला होता, म्हणून ४ डिसेंबर हा नौदल दिन आहे. ९ डिसेंबरची तारीख फारशी कोणाच्या तोंडी नसते.

‘‘इंजिनखोलीत असेल तो,’’ मामा म्हणाले. ‘‘आमची जागा तीच.’’ एवढेच. मग त्यांनी चहा घेतला आणि शिपायाला कसली तरी थट्टा करून निघून गेले. ‘जिवंत आणि कोरडा’ या शब्दांवर मी पुढच्या नोव्हेंबरात हसलो नाही. बाकीची शाखा हसली, आणि ते मामांना हवेच होते.

नोकरीनिमित्त पुढे मी मुंबईला गेलो. तिथे ‘विक्रांत’ पाहिली. १९६१ साली नौदलात दाखल झालेली ही आपली पहिली विमानवाहू नौका १९९७ साली निवृत्त झाली, २००१ पासून काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती आणि २०१४ नंतर तोडली गेली. तिच्या पोलादातले काही एका मोटारसायकलीत गेले. मी गेलो तेव्हा लोक विमानांपुढे फोटो काढत होते. मला पाहायची होती ती पाण्याची तोटी, घंटा आणि खालच्या मजल्यांकडे जाणारी शिडी. कुठलेही जहाज तोडले की त्याच्या तोफा कुठे तरी बसवतात, घंटा जपतात. खालच्या मजल्यावरचे हसणे मात्र कुठे बसवता येत नाही.

नौदलाचा इतिहास लिहिला गेला नाही असे नव्हे. सत्येंद्र सिंह आणि जी. एम. हिरानंदानी यांच्यासारख्या नौदल अधिकाऱ्यांनी मोठाले खंड लिहिले आहेत आणि ते मोलाचे आहेत. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि आपला अनुभव पुस्तकात लिहिला. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’तून २५४ दिवसांत जगाला वळसा घातला. २०२२ साली नवी ‘विक्रांत’ आली. त्याच दिवशी नौदलाच्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली. २०२३ चा नौदल दिन सिंधुदुर्गाच्या साक्षीने मालवणला झाला. हे सारे आनंदाचेच. परंतु जहाजाचा इतिहास बहुधा वरच्या मजल्यावरून लिहिला जातो, जिथून क्षितिज दिसते. खालच्या मजल्यावर क्षितिज नसते. तिथे शेजारच्या माणसाचा चेहरा असतो, मगातले पाणी असते आणि पुढच्या जेवणाची वेळ. तिथला माणूस लिहीत नाही, सांगतो. आणि सांगतो तेही हसत, म्हणून ऐकणाऱ्याला वाटते की यात लिहून ठेवण्यासारखे काय आहे.

मामा आता नाहीत. पेन्शनरांना आज हयातीचा दाखला बोटाचा ठसा देऊन यंत्रावरही देता येतो. सोय मोठी आहे, तक्रार नाही. फक्त त्या यंत्रापुढे कोणी टाचा जुळवत असेल असे वाटत नाही.

महाराष्ट्रात समुद्रापासून लांब असलेल्या कितीतरी तालुक्यांत असा एखादा निवृत्त नौसैनिक असेल. गाव त्याला मिलिट्रीवालाच म्हणत असेल. त्याच्याकडे जाऊन युद्धाचे विचारू नका. तो रेडिओवर ऐकले म्हणून सांगेल. जहाजावर पाणी किती वाजता सुटायचे, वरण कसे असायचे, नव्या पोराला काय आणायला पाठवायचे, हे विचारा. वही जवळ ठेवा. तो हसवेल, हसा. आणि मग थोडा वेळ उठू नका.